जेनेटिक कौन्सेलिंग, पुणे : पाचपैकी चार स्टार

माझी मुलगी 17 वर्षांची. मार्चमध्ये तिचं डोकं असह्य दुखायला लागलं, उलट्या झाल्या, डावीकडचं दिसेनासं झालं आणि फिट आली. आधीच्या दवाखान्यात पक्षाघात म्हणून उपचार झाले, फिटसाठी व्हॅलप्रोएट सुरू केलं. पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी ते त्याच दिवशी बंद केलं, रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऊर्जा नीट बनवता येत नसेल तर वाढणारं आम्ल) तपासलं, ‘मेलास’ या आनुवंशिक आजाराचा संशय सांगितला आणि आम्हाला इथे पाठवलं.

कौन्सेलर मॅडमनी फाइल उघडायच्या आधी माझ्या कानातलं मशीन बघितलं. “ताई, शुगरपण आहे का? आणि तुमच्या आईला?” दोघींनाही आहे. इतकी वर्षं मी कानाचे डॉक्टर वेगळे आणि शुगरचे वेगळे करत होते. दोन्हीचं मूळ एक असू शकतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

मग कागदावर चित्र काढलं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी कुठेच तुंबलेली नव्हती, आणि एमआरआयमधला डाग एका वाहिनीच्या हद्दीत बसत नव्हता. दोष पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात. असे बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठतात, वाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. आर्जिनिन (ज्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं ते अमिनो आम्ल) त्यासाठीच देतात. त्याचा गुण प्रत्येकाला येतोच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हा दोष आईकडूनच येतो म्हटल्यावर मला रडू आलं. मॅडमनी घाई केली नाही. वंशावळीत माझ्यावर माझी आई, तिच्यावर आजी लिहिली आणि म्हणाल्या, “यात तुम्ही काय करणार होतात?” माझ्या भावालाही तपासायचंय, पण त्याच्याकडून त्याच्या मुलांना हे जात नाही. वहिनीला त्याच रात्री फोन केला.

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधल्या 3243 या जागेची तपासणी रक्तासोबत लघवीतूनही करून घ्या. वयानुसार रक्तातलं सदोष डीएनएचं प्रमाण घटतं. माझ्या रक्तात थोडंच निघालं, लघवीत बरंच जास्त. जाताना माहेरकडच्यांची शुगर, बहिरेपण, फिट, सगळं लिहून न्या.

एक स्टार कापला तो रिपोर्टसाठी. तीन आठवडे सांगून सहा लागले, तोही फक्त इंग्रजीत. शिवाय बाहेर पेशंटला आडवं व्हायला जागा नाही, पोरगी डोकं धरून बाकावर बसली होती.

निघताना मॅडमनी एक कार्ड मराठीत लिहून दिलं : आजाराचं नाव, ‘व्हॅलप्रोएट देऊ नये’, आणि डॉक्टरांचा नंबर. ते तिच्या कॉलेजच्या बॅगेत असतं, एक झेरॉक्स माझ्या पर्समध्ये.