रीपरसाठी रिअ‍ॅटिक्युलेट: की-स्विचच्या कटकटीवर फुकटचा, पण मेहनत मागणारा इलाज

व्हायोलिनची आठ बारांची ओळ घ्या. सुरुवात लेगाटो (सूर जोडून), मध्ये चार स्पिकाटो (गज उसळवत आखूड सूर), शेवटाला एक पिझिकाटो (बोटाने तार छेडून). माणूस वाजवत असेल तर कागदावरची खूण पाहून गज कसा फिरवायचा ते तो ठरवतो. सॅम्पल लायब्ररीत, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगच्या संग्रहात, या तिन्ही तऱ्हा (आर्टिक्युलेशन) म्हणजे तीन वेगळी रेकॉर्डिंग्ज. कुठल्या सुरापासून कुठलं रेकॉर्डिंग वाजवायचं हे ती लायब्ररी वाजवणाऱ्या प्लगइनला कोणीतरी सांगावं लागतं. बहुतेक लायब्रऱ्यांमध्ये हे काम की-स्विच करतो, म्हणजे कीबोर्डवरची, वाद्याच्या सुरांच्या आवाक्याबाहेरची एखादी खालची पट्टी. काँटॅक्ट या लोकप्रिय सॅम्पलर प्लगइनच्या कीबोर्डवर त्या पट्ट्या सहसा लाल दिसतात.

की-स्विच ही मिडीच्या (कुठला सूर कधी वाजवायचा हे सांगणाऱ्या संदेशभाषेच्या) दृष्टीने एक साधी नोट असते, आणि सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. ओळ एक स्वर वर न्यायची म्हणून सगळं निवडून सरकवलं, की की-स्विचही सरकतो आणि लेगाटोच्या जागी ट्रेमोलो वाजू लागतं. नोटेशन काढायला गेलं तर व्हायोलिनच्या ओळीखाली चार लेजर रेषांवर भलतेच सूर उभे. सर्वांत वाईट म्हणजे गाणं मधूनच प्ले केलं तर मागे कुठेतरी पडलेला की-स्विच वाजतच नाही, आणि प्लगइन शेवटी ज्या अवस्थेत होतं त्याच अवस्थेत पुढचं वाजवतं. पिझिकाटोवर थांबून परत लेगाटोच्या बारापासून प्ले करा, लेगाटोची ओळ टणाटण तारा छेडत जाईल.

रिअ‍ॅटिक्युलेट हे रीपर या संगीत-रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठीचं मुक्त स्रोत एक्स्टेन्शन आहे. ते हा प्रश्न प्रोग्रॅम चेंजने सोडवतं. प्रोग्रॅम चेंज हा मिडीचा जुनाच संदेश, पूर्वी कीबोर्डवर पियानोचा ऑर्गन करायला वापरायचे तो. मिडी आयटममध्ये (ट्रॅकवरच्या सुरांच्या तुकड्यात) तुम्ही ‘स्पिकाटो’ नावाचा प्रोग्रॅम चेंज ठेवता. ट्रॅकवर सर्वांत आधी बसलेलं रिअ‍ॅटिक्युलेटचं छोटं प्लगइन तो पकडतं आणि लायब्ररीला हवा तो इशारा पुढे पाठवतं. तो इशारा की-स्विच असेल, सीसी (मिडीचा कंट्रोलर संदेश) असेल किंवा वेगळं मिडी चॅनल असेल. सुरांना तुम्ही कितीही वरखाली करा, प्रोग्रॅम चेंज जागचा हलत नाही. मिडी एडिटरमध्ये बँक/प्रोग्रॅमची लेन उघडली की कुठे काय बदललं ते नावासकट दिसतं.

बसवायला पाच-दहा मिनिटं लागतात. आधी रीपॅक (रीपरची एक्स्टेन्शन्स उतरवून बसवणारं साधन) हवं. त्यात रिअ‍ॅटिक्युलेटचा रिपॉझिटरी पत्ता टाकायचा, पॅकेज घ्यायचं आणि रीपर एकदा बंद करून उघडायचं. अ‍ॅक्शन लिस्टमध्ये रिअ‍ॅटिक्युलेटची मुख्य अ‍ॅक्शन सापडेल. ती चालवून खिडकी डॉक करा. वाद्याचा ट्रॅक निवडल्यावर खिडकीतूनच प्लगइन ट्रॅकवर घालता येतं. ते ट्रॅकवरच्या प्लगइनच्या (एफएक्स) साखळीत पहिलंच असलं पाहिजे. काँटॅक्टच्या खाली गेलं तर इशारे पोचतच नाहीत, आणि ‘काहीच होत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं. त्यानंतर ट्रॅकच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या लायब्ररीची बँक, म्हणजे तिच्या आर्टिक्युलेशनची यादी, जोडायची. झालं. खिडकीतल्या नावावर डावं क्लिक केलं की आर्टिक्युलेशन लगेच बदलतं, आणि रेकॉर्डिंग चालू असेल तर तो बदल रेकॉर्डही होतो. उजवं क्लिक केलं की त्याचा प्रोग्रॅम चेंज एडिट कर्सरच्या जागी आयटममध्ये बसतो.

काही नामांकित लायब्रऱ्यांच्या बँका तयार मिळतात. तुमची त्यात नसेल तर बँक स्वतः लिहावी लागते, आणि इथे पुष्कळजण पळ काढतात. कारण बँक म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, चकचकीत एडिटर नाही. ती रीपरच्या रिसोर्स फोल्डरमधल्या डेटा फोल्डरात असते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. प्रत्येक आर्टिक्युलेशनला दोन ओळी लागतात. पहिली ओळ दोन तिरप्या रेषा आणि उद्गारचिन्हाने सुरू होते. तिच्यात रंग, चिन्ह आणि काय पाठवायचं ते लिहायचं. दुसऱ्या ओळीत प्रोग्रॅमचा आकडा आणि नाव. की-स्विच पाठवायचा असेल तर ‘नोट’, कोलन आणि सुराचा आकडा. सीसी असेल तर ‘सीसी’, कोलन, कंट्रोलरचा आकडा, स्वल्पविराम, किंमत. की-स्विच बदलानंतरही दाबून ठेवावा लागणारी लायब्ररी असेल तर साध्या नोटऐवजी ‘नोट-होल्ड’ वापरा. मग पुढचा बदल येईपर्यंत ती पट्टी दाबलेलीच राहते. एकाहून जास्त इशारे हवे असतील तर मध्ये तिरपी रेघ.

पहिल्यांदा बँक लिहिणारा सहसा सप्तकात चुकतो. काँटॅक्टमध्ये मिडीचा ६० हा सूर सी३ म्हणून दिसतो, रीपर मूळ सेटिंगमध्ये त्यालाच सी४ म्हणतं. म्हणजे लायब्ररीच्या मॅन्युअलमध्ये ‘लाँग: सी०’ असेल तर तो सूर २४. रीपरच्या पियानो रोलमध्ये तोच सी१ दिसेल. रीपरकडे पाहून सी० शोधलात तर बँकेत १२ लिहाल, आणि लायब्ररी ढिम्म राहील. उपाय दोन. बँकेत नाव नको, आकडाच लिहा. आणि रीपरच्या मिडी एडिटरच्या प्रेफरन्समध्ये सप्तकाच्या नावाचा ऑफसेट एकाने कमी करून दोन्ही एका भाषेत बोलतील असं करा.

प्रोग्रॅमचे आकडे मनाला येतील तसे देऊ नका. स्पिटफायर ऑडिओने यूएसीसी नावाची एक पद्धत काढली आहे. तिच्यात आर्टिक्युलेशन सीसी ३२ ने बदलतं आणि प्रत्येक तऱ्हेला ठरलेला आकडा असतो: साधा लाँग १, ट्रेमोलो ११, लेगाटो २०, साधा शॉर्ट ४०, स्पिकाटो ४२, पिझिकाटो ५६. लायब्ररी स्पिटफायरची नसली तरी बँकेतले प्रोग्रॅम याच आकड्यांनी लिहावेत, अशी रिअ‍ॅटिक्युलेटची शिफारस आहे. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट. कारण मग व्हायोलिनचा आयटम उचलून दुसऱ्या कंपनीच्या व्हायोलाच्या ट्रॅकवर टाकला, तरी ४२ म्हणजे स्पिकाटोच. त्या ट्रॅकची बँक आपापल्या लायब्ररीचा योग्य की-स्विच पाठवते. विभाग दुप्पट करताना, म्हणजे पहिल्या व्हायोलिनची ओळ दुसऱ्या व्हायोलिनला आणि चेलोला देताना, एकही की-स्विच हाताने बदलावा लागत नाही. हे आकडे न पाळता दहा बँका लिहिल्या, की अकरावी लिहिताना पश्चात्ताप होतो. तोवर जुन्या प्रोजेक्टांत जुने आकडे रुतून बसलेले असतात.

एका काँटॅक्टमध्ये प्रत्येक आर्टिक्युलेशनचा वेगळा पॅच वेगळ्या चॅनलवर लावणाऱ्यांसाठी इशाऱ्यात चॅनलचा आकडा देता येतो. इथे दोन बारीक गोष्टी रिअ‍ॅटिक्युलेट नीट सांभाळतं. धरलेला लेगाटोचा सूर सुटायच्या आत स्पिकाटोचा बदल आला, तरी त्या सुराचा नोट-ऑफ मूळ चॅनललाच जातो, त्यामुळे सूर लटकत नाही. आणि नव्या चॅनलवर जाताना मॉड्युलेशन, एक्स्प्रेशन, सस्टेन यांच्या ताज्या किमतीही तिथे पाठवल्या जातात. हे नसेल तर क्रेसेंडोच्या (चढत जाणाऱ्या आवाजाच्या) ऐन भरात आर्टिक्युलेशन बदललं की आवाज एकदम बसतो, कारण नव्या पॅचला सीसी १ ची, म्हणजे मॉड्युलेशनची, जुनीच किंमत माहीत असते.

आर्टिक्युलेशन चार स्वतंत्र गटांत वाटण्याची सोयही वापरून पाहा. म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावलेलं, म्हणजे कॉन सोर्दिनो, की काढलेलं, हे लेगाटो-स्पिकाटोपेक्षा स्वतंत्र आहे. ते दुसऱ्या गटात ठेवलं की पहिल्या गटातला बदल त्याला धक्का लावत नाही. एकाच गटात सगळं कोंबलं तर ‘लेगाटो म्यूटसह’, ‘स्पिकाटो म्यूटसह’ अशी जोड्यांची जत्रा भरते.

आता जिथे हे कमी पडतं ते.

वेळेचा प्रश्न यात सुटत नाही. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज या तंतुवाद्यांच्या लायब्ररीचं उदाहरण घ्या. तिच्या लेगाटोत एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचा खरा रेकॉर्ड केलेला प्रवास आहे. (लेगाटो म्हणजे आपली मींड नव्हे. मींडेच्या जवळ जातो तो पोर्टामेंटो.) त्या प्रवासाला वेळ लागतो: हळू वेलॉसिटीला (पट्टी हलके दाबली तर) सुमारे ३३३ मिलिसेकंद, मधल्या वेलॉसिटीला २५०, जोरातल्याला १००. स्टॅकाटोसारखे आखूड सूर सुमारे ६० मिलिसेकंद उशिरा येतात. १२० च्या टेम्पोला २५० मिलिसेकंद म्हणजे बरोबर एक एट्थ नोट (अर्धा बीट), तेव्हा हा उशीर कानाआड करण्याजोगा नाही. रिअ‍ॅटिक्युलेट आर्टिक्युलेशन बदलून देतं, पण आर्टिक्युलेशनप्रमाणे सूर अलीकडे ओढत नाही.

रीपरमध्ये ट्रॅकच्या राउटिंग खिडकीत मीडिया प्लेबॅक ऑफसेट आहे. तिथे उणे ६० दिलं की आखूड सूर जागेवर बसतात. मग लेगाटोचे सूर हाताने आणखी अलीकडे घ्यायचे: मधल्या वेलॉसिटीचे १९० मिलिसेकंद, हळूचे २७३, जोराचे ४०. फ्रेजचा पहिला सूर मात्र सोडून द्या, त्याच्या मागे प्रवास नसतो. ग्रिडवरचं लिखाण नोटेशनला जायचं असेल तर ही हातमोड नको. लेगाटो आणि शॉर्ट असे दोन ट्रॅक करा आणि प्रत्येकाला वेगळा ऑफसेट द्या. आर्टिक्युलेशन बदलण्याचं सॉफ्टवेअर घेऊन शेवटी दोन ट्रॅक करायचे, हे थोडं हास्यास्पद आहे खरं. पण वेळ चुकलेल्या तंतुवाद्यांपेक्षा ते बरं.

दुसरी कमतरता प्रोग्रॅम चेंजच्या स्वभावातच आहे. तो सुराला चिकटलेला नसतो, वेळेला चिकटलेला असतो. चार स्पिकाटो सूर निवडून पुढच्या बारात सरकवले आणि प्रोग्रॅम चेंज निवडायचा राहिला, तर ते सूर गेले लेगाटोत. अ‍ॅपलच्या लॉजिक या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये २०१८ च्या १०.४ आवृत्तीपासून आर्टिक्युलेशन सेट आहेत. तिथे आर्टिक्युलेशनचा क्रमांक प्रत्येक सुराच्या अंगावर असतो, सूर जिथे जाईल तिथे तो जातो. ओळी सतत इकडून तिकडे हलवणाऱ्यासाठी ती रचना सरस आहे, यात वाद नाही. क्युबेस या आणखी एका संगीत-सॉफ्टवेअरच्या एक्स्प्रेशन मॅपमध्ये, जे २००९ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहेत, दोन्ही प्रकार मिळतात. अ‍ॅट्रिब्यूट केला तर खूण एका सुरापुरती, डायरेक्शन केला तर पुढची खूण येईपर्यंत. म्हणजे स्वरलिपीत अ‍ॅक्सेंट आणि ‘पिझ.’ यांच्यात जो फरक असतो तोच. कागदावर विचार करणाऱ्याला क्युबेस सर्वांत जवळचं वाटेल. मॅप तयार करताना मात्र त्याची खिडकी संयम पाहते.

याच स्वभावातून येणारी आणखी एक चूक आहे. कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड केलेला सूर बीटच्या किंचित आधी पडलेला असतो आणि बदल बरोबर बीटवर ठेवलेला असतो. तीन-चार टिकांचाच (मिडीच्या वेळेच्या सर्वांत लहान मापाचा) फरक, पण सूर सुरू होताना जुनंच आर्टिक्युलेशन चालू असतं. ‘पहिलाच स्पिकाटो नेहमी चुकतो’ असं दिसलं की झूम करून हे तपासा. बदल सुराच्या थोडा अलीकडे ठेवण्याची सवय लावली तर ही भानगड उद्भवत नाही. वर सांगितल्याप्रमाणे लेगाटोचे सूर अलीकडे घेतले असतील तर त्यांचा बदलही तेवढाच अलीकडे न्यायला विसरू नका. तसंच प्रत्येक आयटमच्या आरंभी एक बदल टाकून ठेवा. मग आयटम तोडा, उचला, दुसरीकडे चिकटवा, तो मागच्या आयटमवर अवलंबून राहत नाही.

पैशांचं म्हणाल तर रिअ‍ॅटिक्युलेट फुकट आहे. रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं. त्यानंतर वैयक्तिक वापरासाठी आणि वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यवसायासाठी परवाना ६० डॉलरला, इतरांसाठी २२५ डॉलरला. घरच्या स्टुडिओत पार्श्वसंगीत करणाऱ्याने केवळ की-स्विचला कंटाळून दुसरं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी हे जरूर बसवून पाहावं. ज्याला टेक्स्ट फाइल उघडायचाच तिटकारा आहे आणि हाताशी मॅक आहे, त्याने लॉजिककडे जावं.

प्रोजेक्ट दुसऱ्याला पाठवताना बँकेची फाइल सोबत द्या. तिच्याशिवाय समोरच्याला लेनमध्ये नावांऐवजी नुसते आकडे दिसतील. आणि रीपर नव्या संगणकावर हलवताना प्रोजेक्ट फोल्डरबरोबर ही फाइल आपसूक येत नाही. ती रिसोर्स फोल्डरमध्ये असते, तिचा बॅकअप वेगळा घ्या.