फळांवरच्या कुरकुरीत थरासाठी घरगुती ओटीजी : सोलापूरच्या स्वयंपाकघरातून एक परीक्षण

फळांच्या गोड पदार्थावर खुसखुशीत, सोनेरी थर हवा असेल तर वरून आच देणारे साधन लागते, आणि नेमके तेच आपल्या नेहमीच्या स्वयंपाकघरात नसते. शेगडी, तवा, कढई, कुकर ही सारी साधने खालून तापतात; म्हणून कढईत मिठाच्या थरावर भांडे ठेवून केक जमत असला, तरी त्याचा वरचा भाग फिकटच राहतो, आणि फळांवर पसरलेला पिठाचा चुरा तर झाकणाखाली कोंडलेल्या वाफेने ओला होऊन बसतो. ही अडचण सोडवण्यासाठी मी एका भारतीय कंपनीचा १९ लिटर क्षमतेचा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल हा विजेवरचा छोटा ओव्हन, घेतला. सगळे ऋतू पाहून झाल्यावर, आपल्या जिल्ह्यातल्या फळांसाठी तो कितपत उपयोगी आहे, हे सविस्तर मांडावेसे वाटले.

हे यंत्र साधे आहे. पत्र्याची पेटी, काचेचे दार, वर दोन आणि खाली दोन तापणारे रॉड, आणि तीन खुंट्या : एक तापमानाची, एक वेळेची, आणि तिसरी कोणते रॉड चालू ठेवायचे हे ठरवणारी. माझ्या दृष्टीने या यंत्राचे सारे मोल त्या तिसऱ्या खुंटीत आहे. फळे शिजेपर्यंत खालची आच आणि वरचा थर रंगावर आणण्यासाठी शेवटची काही मिनिटे फक्त वरची आच, अशी विभागणी तिच्यामुळे करता येते. मायक्रोवेव्हमध्ये ते शक्य नाही, कारण तिथे पदार्थातले पाणी तापते पण भोवतालची हवा थंडच राहते. वाफ वरच्या थरात शिरून त्याला मऊ करते. एअर फ्रायरमध्ये कोरडी उष्णता मिळते, परंतु त्याचा पंखा मोकळा चुरा उडवून लावतो, आणि त्याच्या टोपलीत पसरट भांडे मावत नाही.

पसरट भांड्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. इंग्रजी घरांमध्ये सफरचंद किंवा रुबार्ब (आंबट देठांची एक भाजी) यांवर पीठ, लोणी आणि साखर यांचा चुरा पसरून भाजण्याची जी रीत आहे, तिला क्रंबल म्हणतात, आणि तिचे सारे यश पाण्याच्या हिशेबावर अवलंबून असते. फळ तापले की रस सुटतो, रसाची वाफ होते आणि ती वाफ चुऱ्यातूनच बाहेर पडते. भांडे उथळ आणि रुंद असेल तर वाफेला वाट मिळते व वरचा थर कोरडा होतो. भांडे खोल असेल तर खाली रस आणि वर लापशी, अशी अवस्था होते. पिठाला खरपूस रंग आणि वास येण्यासाठी पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे जावा लागतो, आणि त्यात पाणी शिल्लक असेपर्यंत तो १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो. या ओव्हनमध्ये २२ सेंटिमीटर रुंदीचे, दोन इंच उंचीचे ॲल्युमिनियमचे भांडे मधल्या जाळीवर बसते आणि त्याच्या चारी बाजूंनी हवा खेळायला जागा राहते. चौघांच्या घराला एवढे पुरते.

आता चुऱ्याविषयी थोडे अधिक लिहिते, कारण सोलापूरकरांच्या हाताशी यासाठी जे साहित्य आहे ते मैद्यापेक्षा सरस आहे, असे माझे ठाम मत आहे. क्रंबलच्या चुऱ्यात पिठाला चिकटपणा येऊ नये यासाठी सारी धडपड असते. मैद्यात ग्लुटेन असल्याने तो जास्त मळला गेला की थर कडक आणि चिवट होतो. ज्वारीत ग्लुटेन नसतेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि मालदांडी ३५-१ हे रब्बीचे प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडले गेले. अशा जिल्ह्यात बसून या पदार्थासाठी मैद्याचे पुडे आणण्याचे कारण मला दिसत नाही. १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ, ५० ग्रॅम कणीक, ७५ ग्रॅम थंडगार लोणी, ६० ग्रॅम गुळाची पावडर, ५० ग्रॅम भाजून जाडसर भरडलेले शेंगदाणे आणि चिमूटभर मीठ, असे प्रमाण माझ्याकडे स्थिरावले आहे. कणीक एवढ्यासाठीच, की चुऱ्याचे लहान गोळे व्हावेत. निव्वळ ज्वारी वाळूसारखी सुटी पडते. पीठ मात्र ताजे दळलेले हवे, कारण ज्वारीचे जुने पीठ कडवट लागते आणि लोण्यात तो कडवटपणा अधिकच जाणवतो.

शेंगदाणा आणि गूळ ही जोडी इथे कोणाला नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. शेंगापोळी खाऊन वाढलेल्या माणसाला या थराची चव पहिल्याच घासाला आपली वाटते. कूट बारीक करू नये. दाण्याचे दोन-चार तुकडे व्हावेत एवढेच कुटावे, म्हणजे दाताखाली येतात. कडक भाकरीचाही येथे फार चांगला उपयोग होतो. ज्वारीची पापडासारखी पातळ, आठवडेच्या आठवडे टिकणारी ही भाकरी हाताने चुरून, थोड्या तुपात आणि गुळाच्या पावडरीत घोळवून शेवटच्या आठ-दहा मिनिटांसाठी फळांवर पसरली, तर जो कुरकुरीतपणा येतो तो कोणत्याही विकतच्या कॉर्नफ्लेक्सला येत नाही. ती आधीच भाजलेली असल्याने सुरुवातीपासून ओव्हनमध्ये ठेवू नये, करपते. गुळाबद्दल एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे : गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे पावसाळ्यात निम्मा गूळ आणि निम्मी साखर घेतल्यास थर अधिक काळ कोरडा राहतो.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि लोणी हातात घेताच वितळते. वितळलेल्या लोण्याने पीठ ओले होते, चुरा होत नाही. उन्हाळ्यात लोण्याची वडी फ्रीझरमध्ये घट्ट करून मोठ्या भोकांच्या किसणीवर थेट पिठात किसावी, बोटांच्या टोकांनी हलके चोळावे आणि तयार चुरा ओव्हन तापेपर्यंत पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवावा. हा ओव्हन १८० अंशांपर्यंत तापायला बारा-पंधरा मिनिटे घेतो, तेवढा वेळ पुरेसा होतो.

फळांमध्ये या यंत्राला सर्वांत मानवणारे फळ माझ्या अनुभवाने पेरू हे आहे. हिवाळ्यातला, अजून थोडा करकरीत असलेला पेरू घ्यावा, बियांचा गाभा चमच्याने काढून टाकावा, फोडींवर लिंबाचा रस, सुंठ आणि दोन चमचे साखर घालावी आणि वर चुरा पसरून १८० अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावे. पेरूत पेक्टिन भरपूर असल्याने सुटलेला रस आपोआप दाटतो. त्यात वेगळे कॉर्नफ्लोअर घालावे लागत नाही. दार उघडताच जो वास सुटतो, तो कच्च्या पेरूच्या वासाहून निराळा, अधिक गोडसर आणि गहिरा असतो. वाटीत काढून वर घट्ट साय घातली की पाहुण्यांसमोर ठेवण्याजोगा पदार्थ होतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बाजारात मोठी बोरे येतात, त्यांचाही असा पदार्थ छान होतो, परंतु बिया काढण्याचे काम वेळखाऊ आहे.

द्राक्षे अधिक अवघड आहेत. सोनाका हे लांबट मण्यांचे वाण आपल्या उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ते मुबलक मिळते. पण तापल्यावर प्रत्येक मणी फुटतो आणि भांड्यात पाणीच पाणी होते. यावर उपाय दोन आहेत. द्राक्षांना चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळावे, आणि चुरा आधी वेगळ्या ताटलीत अर्धा भाजून मगच फळांवर घालावा. तेवढे केल्यास आंबटगोड, दाट रसाचा उत्तम पदार्थ होतो. आंबा घ्यायचा असल्यास किंचित घट्ट केशर घ्यावा. पूर्ण पिकलेला हापूस भाजण्यात त्याची चव वाया जाते.

डाळिंब आणि सीताफळ ही जिल्ह्याची दोन मानाची फळे मात्र ओव्हनमध्ये घालू नयेत. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथे केगावला आहे, म्हणून पहिला मोह त्याचाच होतो. परंतु तापवल्यावर दाण्यांचा रंग उतरतो, रस निघून जातो आणि चोथट बी तेवढे उरते. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो व गुलाबी पडतो. या दोन फळांसाठी ओव्हनचा उपयोग फक्त चुरा भाजण्यापुरता करावा, आणि मला वाटते, या यंत्राचा सर्वांत मोठा लाभ तोच आहे. चुरा मोठ्या ट्रेमध्ये पातळ पसरून १६० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे, मधे दोनदा उलथून भाजला, पूर्ण गार केला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरला, तर आठवडाभर कुरकुरीत राहतो. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्यात विकसित झालेले एनएमके-१ गोल्डन हे सीताफळ गराने भरलेले आणि कमी बियांचे असते. त्याचा गर थंड, आटवलेल्या दुधात मिसळून वाटीत ओतावा आणि खायला देण्याच्या क्षणी वर हा चुरा घालावा. डाळिंबाचे दाणे घट्ट चक्क्यात, थोडी पिठीसाखर आणि वेलदोडा घालून कालवावेत आणि वर तोच चुरा. आधी घालून ठेवल्यास दहा मिनिटांत मऊ पडतो, म्हणून डबा जेवणाच्या ताटाजवळच ठेवावा. डाळिंबाचे बहार वेगवेगळे असल्याने वर्षातला बराच काळ ते मिळते आणि हा पदार्थ एका महिन्यापुरता मर्यादित राहत नाही.

यंत्राचे दोषही स्पष्टपणे सांगायला हवेत. तापमानाची खुंटी विश्वासार्ह नाही. खुंटी १८० वर असताना आतल्या थर्मामीटरने २०० च्या जवळपास आकडा दाखवला आहे. चारशे-पाचशे रुपयांचे ओव्हनचे थर्मामीटर सोबत घेतल्याशिवाय या ओव्हनवर नेमके काम होत नाही, आणि तो खर्च किमतीतच धरावा. मागची बाजू पुढच्यापेक्षा अधिक तापते, म्हणून अर्ध्या वेळेनंतर भांडे फिरवावे लागते. वेळेची खुंटी दहा मिनिटांपेक्षा कमी लावायची असेल तर आधी पुढे फिरवून मागे आणावी लागते, अन्यथा घंटा वाजत नाही. आत दिवा नाही. वरचा थर कुठल्या रंगावर आला आहे ते पाहण्यासाठी दार उघडावे लागते आणि दर खेपेला उष्णता निघून जाते. या विशिष्ट कामात रंगावरच सारे अवलंबून असल्यामुळे ही उणीव मला सर्वांत जास्त खटकते. पेटीचा पत्रा बाहेरूनही चटका बसण्याइतका तापतो, तेव्हा लहान मुले असलेल्या घरी तो ओट्याच्या आतल्या बाजूस, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवावा. खाली पडणारा चुरा गोळा करणारा ट्रे सहज ओढून काढता येतो, ही सोय चांगली आहे. द्राक्षाचा रस ओसंडून तळाशी जळला तर तोच घासावा लागतो, आतली पेटी नव्हे.

विजेचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. १३८० वॅटचे हे यंत्र तापण्यासह पाऊण तास चालले, तर एक युनिटच्या आसपास वीज लागते. मात्र त्याला १६ अँपिअरचा सॉकेट हवा. जुन्या वाड्यांमधल्या स्वयंपाकघरांत तो सहसा नसतो, आणि एक्स्टेंशन बोर्डावर हे यंत्र चालवणे धोक्याचे आहे.

वर्षातून दोनदा केक करण्यासाठी कोणी हा ओव्हन घेऊ नये. ते काम कढईतही होते. ज्यांच्या घरी हंगामाची फळे पिशवीने येतात आणि निम्मी मऊ पडून जातात, ज्यांना गोडात दाताखाली काही यावे असे वाटते, त्यांच्यासाठी सहा हजारांच्या आतली ही खरेदी योग्य आहे. दुकानात पंखा, भाजण्याची फिरती सळई असल्या जोडवस्तूंकडे पाहून निर्णय करू नये. वरचे रॉड स्वतंत्रपणे चालू होतात का, हे तिथेच प्लग लावून पाहावे, आणि घरातले पसरट भांडे सोबत नेऊन ते जाळीवर ठेवल्यावर दार नीट लागते का, तेही पाहावे.