हीट (१९९५): बँकेबाहेरच्या चकमकीची तपासणी

बघायला बसण्याआधी टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'नाइट मोड' आणि 'ऑटो व्हॉल्यूम' बंद करा. या सोयी मोठा आवाज दाबतात आणि बारीक आवाज वर आणतात. कौटुंबिक मालिकांना ते ठीक आहे, पण मायकल मानच्या या चित्रपटाचा जीवच त्यात जातो. मोबाइलच्या स्पीकरवर तर बघूच नका.

चित्रपट १७० मिनिटांचा. कथा, अभिनय, रॉबर्ट डी निरो आणि अल पचिनो समोरासमोर बसून कॉफी पितात तो प्रसंग, यांवर भरपूर लिहून झालंय. इथे तपासायची आहे ती दीड तास उलटून गेल्यावर लॉस एंजेलिसच्या भर रस्त्यात होणारी चकमक, कारण बंदुकीच्या बाबतीत बाकीच्यांना मोजायची फूटपट्टी अजूनही तीच आहे.

पहिली गोष्ट आवाज. सहसा चित्रीकरणात झालेला आवाज फेकून देतात आणि नंतर स्टुडिओत साठवलेल्यातला एखादा 'ढिश्क्यांव' चिकटवतात. मानने प्रत्यक्ष रस्त्यावर बंदुकीची दारू भरपूर, पण गोळी नसलेल्या 'ब्लँक' काडतुसांचा जो आवाज ध्वनिमुद्रित झाला तोच ठेवला. म्हणून इथे गोळीबार गडगडत नाही, तडतडतो. कानठळ्या बसवणारा कोरडा तडाखा आणि त्यामागून उंच इमारतींच्या काचांवरून परत येणारा प्रतिध्वनी. दरोडेखोरांच्या हातातली कोल्ट ७३३ ही कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल आहे, नळी जेमतेम साडेअकरा इंच. एवढ्या नळीत दारू पुरती जळत नाही, उरलेली तोंडाशी येऊन जळते. त्यामुळे आवाज आणि ज्वाळा दोन्ही लांब नळीच्या रायफलीपेक्षा जास्त. (ब्लँकमुळे ज्वाळेत थोडी भर पडते, ते सोडून द्या.)

दुसरी गोष्ट मॅगझिन, म्हणजे बंदुकीला लावायची गोळ्यांची पेटी. या कार्बाइनमध्ये ३० गोळ्या बसतात. मिनिटाला ८०० चा वेग धरला तर चाप दाबून ठेवल्यावर सव्वादोन सेकंदांत खेळ खलास. पडद्यावरचे बहुतेक नायक एका मॅगझिनवर अख्खी टोळी संपवतात. इथे मात्र मंडळी तीन-चार गोळ्यांच्या झडी देतात, थांबतात, जागा बदलतात. दरोडेखोरांपैकी एक झालेल्या व्हॅल किल्मरचं मॅगझिन रिकामं होतं तो क्षण मुद्दाम मागे नेऊन पाहा. रिकामं मॅगझिन खाली सोडलं, दुसरं आत ठोकलं, पुन्हा बार सुरू. उगाच खटका मागे ओढणं नाही, कारण या जातीच्या बंदुकीत शेवटची गोळी गेल्यावर बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) मागेच अडकून राहतो. डाव्या बाजूची कळ दाबली की तो पुढे येतो आणि पहिली गोळी नळीत चढते. आपल्याकडच्या चित्रपटांत धमकी देताना दर वाक्याला पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढतात. पिस्तूल भरलेलं असेल तर त्या प्रत्येक ओढीला एक न उडालेली गोळी जमिनीवर पडायला हवी. ती कुणाला कधी दिसलीय?

ही सफाई आपसूक आलेली नाही. एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलातले माजी सैनिक अँडी मॅकनॅब आणि मिक गूल्ड यांनी नटांना तालीम दिली होती. ती हालचालीत जास्त दिसते: एकजण मारा करून समोरच्याला डोकं खाली ठेवायला लावतो, तेवढ्यात दुसरा पुढच्या आडोशाला पळतो, मग पाळी बदलते. यातल्या पुष्कळ गोळ्या लागण्यासाठी नसतातच, त्या साथीदाराला रस्ता ओलांडायला वेळ काढून देतात.

आडोशाचंही गणित बरोबर. गाडीचं दार म्हणजे पातळ पत्रा, या कार्बाइनची ५.५६ मिमीची गोळी त्यातून आरपार जाते. आडोसा खरा मिळतो तो इंजिनामागे, थोडाफार चाकामागे. दाराआड उभे राहिलेले पोलीस इथे पडतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

आता जे जुळत नाही ते. लूट सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची. डॉलरची कुठलीही नोट साधारण एक ग्रॅमची. सगळ्या शंभराच्याच नोटा धरल्या तरी १,२०,००० नोटा, म्हणजे १२० किलो. तिघांत वाटले तर प्रत्येकाच्या खांद्यावर ४० किलो, पोत्याएवढं ओझं. विसाच्या नोटा मिसळल्या की आणखी वाढणार. ते घेऊन ही माणसं धावतात, वळतात, नेम धरतात आणि बॅगा मात्र कपड्यांनी भरल्यासारख्या हलतात. कानांचंही तसंच. रायफलीच्या तोंडाशी आवाज १५५ डेसिबलच्या पुढे जातो. गाडीच्या बंद डब्यात तो सोसल्यावर लगेच साध्या आवाजात बोललेलं ऐकू येणं अवघड आहे.

आणि पडणाऱ्यांची संख्या. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याच शहरात, नॉर्थ हॉलिवूडमध्ये, चिलखत घातलेले दोन दरोडेखोर आणि पोलीस यांच्यात ४४ मिनिटं चकमक झाली. दरोडेखोरांनी हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. बरेचजण जखमी झाले, पण मेले ते दोघेच. पोलिसांच्या पिस्तुलांचा त्या चिलखतावर परिणाम होईना, तेव्हा काहींनी जवळच्या दुकानातून रायफली मागून आणल्या. चित्रपटात गोळ्या फारच हिशेबाने माणसांना लागतात.

धक्क्याची गंमत वेगळीच. खऱ्या काडतुसातली गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत वायू अडवून धरते, त्या दाबावरच बोल्ट मागे येतो. ब्लँकमध्ये गोळी नसते, म्हणून नळीच्या तोंडाशी बारीक भोकाचा डट्टा बसवावा लागतो. तो नसेल तर एक बार निघतो आणि बंदूक थांबते. डट्टा असूनही खांद्याला बसणारा धक्का खऱ्यापेक्षा कमीच. पण ५.५६ चा धक्का मुळात हलका, त्यामुळे लबाडी पचते. बारा बोअरच्या बंदुकीला ती पचत नाही.

ब्लँक म्हणजे खेळणं नव्हे. ३१ मार्च १९९३ रोजी अभिनेता ब्रँडन ली चित्रीकरणात गोळी लागून गेला तो असाच: आधीच्या डमी (दिसायला खऱ्या, पण दारू नसलेल्या) काडतुसातली गोळी सुटून रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकली होती, नंतरच्या ब्लँकने ती बाहेर ढकलली. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या सेटवर खरी गोळी सुटून छायाचित्रकार दगावल्यानंतर अनेक निर्माते संगणकावरच्या ज्वाळांकडे वळले. निर्णय योग्यच. पण ती ज्वाळा ओळखायला सोपी आहे: तिचा उजेड गालावर आणि भिंतीवर पडत नाही, बोल्ट हलत नाही, रिकामी पुंगळी उडत नाही.

विकत घ्यायचाच असेल तर ४के रिस्टोरेशनवरून काढलेली २०१७ ची ब्लू-रे घ्या. चकमकीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या ४० किलोच्या बॅगांचा कापला.