ओकचं पिंप की स्टीलची टाकी?

दिंडोरीच्या माझ्या भाच्याला छोटी वाइनरी काढायचीय. पिंपं घ्यावीत की टाक्या, यावर तो अडलाय.

आधी खर्च. फ्रेंच ओक लाकडाचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे जेमतेम ३०० बाटल्या. तीन-चार हंगामांत लाकडाचा स्वाद संपतो, मग नवं आणा. वाइन वर्षभर मुरते, तोवर पैसाही अडकतो. थोडी लाकडातून उडून जाते, ती वेगळीच. बाटली महागते ती इथे. स्टीलची टाकी वर्षानुवर्षं टिकते, मात्र थंडाव्याचं वीजबिल येतं.

मेहनत? टाकी धुणं सोपं. पिंपातली तूट सतत भरून काढावी लागते.

शेनिन ब्लांसारखी ताजी पांढरी वाइन लवकर विकायची तर टाकीच घे. शिराझसारखी लाल वाइन मुरवायची आणि वर्षभर थांबायची ऐपत असेल, तरच पिंपं.