त्याला माझं आवडतं गाणं माहीत होतं

कॉन्सर्टच्या तिकिटांपायी मी दोनदा फसलो, त्याची रक्कम आधीच सांगून टाकतो, उगाच ताणून धरत नाही. 7,200 रुपये. त्यातले 3,600 हौसेपायी गेले आणि उरलेले 3,600 ते पहिले परत मिळवण्याच्या नादात. दुसऱ्या खेपेची लाज जास्त वाटते, म्हणून तीही लिहिणार आहे.

मी ठाण्यात राहतो, चरईत. नोकरी ऐरोलीला. इंडी संगीताचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांविना स्वतंत्रपणे गाणी करणाऱ्या बँडांचं, वेड कॉलेजपासूनचं. लोअर परळचं ब्लू फ्रॉग हे लाइव्ह संगीताचं ठिकाण 2016 मध्ये बंद पडलं, तोवर तिथे पडीक असायचो आणि प्रत्येक वेळी शेवटची लोकल गाठायला आधीच निघायचो. ठाणेकराला कुठल्याही कॉन्सर्टचं शेवटचं गाणं माहीत नसतं, हे मी गमतीने म्हणत नाही. पुण्याच्या एनएच7 वीकेंडर या संगीत महोत्सवाला निदान मित्राकडे मुक्काम करता यायचा. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा ‘बीटा’ हा अल्बम 2024 च्या ऑगस्टमध्ये आला, त्या संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याची गाडी पकडायची सोडून मी उलटा वाशीला गेलो आणि तिथून परत आलो, कारण ऐकून संपला नव्हता. अशी तऱ्हा.

त्यामुळे यंदा माझ्या अत्यंत लाडक्या एका बँडने दौऱ्याच्या तारखा जाहीर केल्या आणि त्यात चक्क वाशी दिसलं, तेव्हा मी ऑफिसात उभाच राहिलो. खाडीच्या अलीकडे! ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने अर्ध्या तासात. शेवटचं गाणं ऐकून घरी येता येईल. (बँडचं आणि जागेचं नाव लिहीत नाही. त्यांचा यात काडीचा दोष नाही.) हॉल छोटा, जेमतेम तीनशे माणसांचा. अर्ली बर्ड, म्हणजे आधी येणाऱ्यांसाठीची, तिकिटं मी मीटिंगमध्ये असताना संपली, पुढचा टप्पा संध्याकाळपर्यंत. मी बँडच्या पोस्टखाली लिहिलं: ‘दोन तिकिटं हवी आहेत, कुणाचं रद्द होत असेल तर सांगा.’ सोबत, नको तिथे हौस, अमुक गाणं लाइव्ह ऐकायला आठ वर्षं थांबलोय असंही लिहिलं.

इथे एक कबुली. कोल्डप्लेच्या तिकिटांची विक्री 22 सप्टेंबर 2024 ला सुरू झाली, त्या रविवारी आमच्या ऑफिसची अर्धी मंडळी दुपारभर फोनला चिकटली होती. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं लगेच लाखांच्या भावाने विकायला निघाली, आणि पुढे जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कार्यक्रम होईपर्यंत बनावट तिकिटांच्या बातम्या येत राहिल्या. मी त्या चवीने वाचल्या. मोठ्या बँडच्या मागे लागणाऱ्यांचं असंच व्हायचं, आमच्याकडे तीनशे माणसं, सगळी तोंडओळखीची, इथे कोण कशाला फसवेल, असा माझा तोरा होता.

दोन तासांत निरोप आला. मराठीत, आणि शुद्धलेखनही बरं. ‘भावा, माझ्याकडे दोन आहेत. आजीला कोल्हापूरला ॲडमिट केलंय, मला जावं लागतंय. ब्लॅक वगैरे करत नाही, जे पडले तेच दे. फॅनकडेच जावीत एवढंच.’ एकाचे 1,800, दोनाचे 3,600. जास्त मागितले असते तर मला शंका आली असती. त्याने एक रुपया वर मागितला नाही.

पुढे आमच्या तासभर गप्पा. आधीचा ड्रमर गेल्यावर बँडचा बाज कसा बदलला, पहिल्या ईपीचं (छोट्या अल्बमचं) रेकॉर्डिंग कच्चं असूनही तेच कसं जवळचं वाटतं, असलं सगळं. मी स्वतःला चतुर समजून त्याची परीक्षाही घेतली. नाव-गाव, फोन नंबर विचारायचं सोडून विचारलं काय, तर सर्वांत आवडतं गाणं कुठलं? तीनचार मिनिटं काही नाही, मग त्याने नेमकं तेच गाणं सांगितलं, ज्यासाठी मी आठ वर्षं थांबलो होतो. मी विरघळलो. आपलाच माणूस!

त्याने तिकिटाचा फोटो पाठवला. बुकिंग नंबर, तारीख, क्यूआर कोड अर्धा धूसर केलेला, ‘सेफ्टीसाठी’. पैसे पाठवताना यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं, तर ‘रूममेटचा नंबर आहे, माझ्या ॲपला लिमिट लागलंय.’ हे पटण्यासारखं नव्हतं, तरी मी पटवून घेतलं. पैसे गेले आणि मिनिटभरात स्वच्छ क्यूआर आला. धाकट्या बहिणीला फॉरवर्ड केला. ती म्हणाली, ‘दादा, तू भेटलायस का त्याला?’ मी म्हटलं, भेटायचं काय त्यात, त्याची आजी आजारी आहे. मंगळवारची ही गोष्ट.

शनिवारी संध्याकाळी दारावरच्या मुलाने आमचा क्यूआर स्कॅन केला. लाल. पुन्हा केला. पुन्हा लाल. ‘सर, हे तिकीट आत गेलंय.’ मी आधी त्यालाच झापलं. त्याने थकल्यासारखं बाजूला बोट दाखवलं. तिथे भिंतीला टेकून आणखी तिघं उभे होते: खारघरची एक मुलगी, डोंबिवलीहून आलेलं एक जोडपं. तिघांकडे तोच बुकिंग नंबर. थोड्या वेळाने बेलापूरचा एक कॉलेजचा पोरगा आला, त्याच्याकडेही तेच.

म्हणजे तिकीट खोटं नव्हतं, ही यातली मेख आहे. कुणीतरी दोन तिकिटं खरी काढली होती आणि त्याच क्यूआरचा फोटो निदान चार ठिकाणी विकला होता. जो आधी पोहोचला तो आत, कदाचित तोही पैसे मोजूनच. त्यामुळे फोटो किंवा पीडीएफ कितीही अस्सल दिसला तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. काही तिकीट ॲपमध्ये तिकीट दुसऱ्याच्या नंबरवर पाठवायची सोय असते, आणि तसं केलं की जुना क्यूआर बाद होतो. विकणारा तसं करायला तयार नसेल, तर त्याची आजी कितीही आजारी असो, सोडून द्या.

आत कार्यक्रम सुरू झाला. भिंतीतून फक्त बेस येत होता, गाणी बेसवरून ओळखायची. आम्ही फुटपाथवर उभे राहून एकमेकांचे चॅट वाचत होतो. खारघरवालीला त्याने सांगितलेली आजी नाशिकला होती. जोडप्याला बहिणीचा साखरपुडा. बेलापूरच्या पोराला सेमिस्टरची परीक्षा. आणि प्रत्येकाला त्याने वेगळं ‘सर्वांत आवडतं गाणं’ सांगितलं होतं. ज्याचं जे, त्याला ते. आम्ही सगळ्यांनी आपापलं गाणं कुठे ना कुठे, कुणाच्या तरी पोस्टखाली लिहून ठेवलं होतं. त्या तीनचार मिनिटांत त्याने मला वाचलं होतं, इतकंच. चिडायचं सोडून क्षणभर मला त्याच्या मेहनतीचं कौतुक वाटलं, आणि मग जास्तच चिडलो.

खारघरवालीने तिथेच त्याचं इन्स्टाग्राम खातं उघडून दाखवलं. नावावर टिचकी मारली की खातं कधी सुरू झालं आणि नाव किती वेळा बदललं हे कळतं. मला ते ठाऊकच नव्हतं. या खात्याचं नाव सात वेळा बदललं होतं. रेकॉर्डच्या कव्हरांचे सुंदर फोटो होते, पण सगळे शेवटच्या दोन महिन्यांतले.

इथे थांबलो असतो तर 3,600 वर भागलं असतं. रविवारी मी तावातावाने तिकीट कंपनीच्या एका पोस्टखाली सगळं लिहिलं, बुकिंग नंबरसकट. वीस मिनिटांत उत्तर आलं, कंपनीच्याच लोगोचं खातं: ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. रिफंडसाठी कृपया आपला नंबर पाठवा.’ खरं तर ते दिलगीर असल्याचा आनंदच इतका झाला, की पुढचं पाहिलंच नाही.

सोमवारी सकाळी, मी ऑफिसला निघत असताना फोन. अदबीने बोलणारा माणूस. माझं नाव, बुकिंग नंबर, कार्यक्रमाची तारीख त्यानेच वाचून दाखवली. ती सगळी मीच आदल्या दिवशी जाहीर लिहिली होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. व्हॉट्सॲपवर त्याने क्यूआर पाठवला. ‘स्कॅन केलं की 3,600 दिसतील, ॲप्रूव्ह करा, रक्कम जमा होईल.’ स्कॅन केलं. 3,600 दिसले. मी त्याच आकड्याची वाट बघत होतो, त्यामुळे तो आकडा बघून जिवात जीव आला. पिन टाकला. बँकेचा मेसेज आला, त्यातही 3,600. मी आईला ओरडून सांगितलं, आले गं पैसे!

आई सहकारी बँकेत तीस वर्षं कॅशला होती. तिने चष्मा लावून मेसेज वाचला आणि म्हणाली, ‘अरे, डेबिट लिहिलंय.’ मग थोडं थांबून, ‘पैसे घ्यायला पिन कशाला लागतो रे?’

फोनवरचा माणूस अजून लाइनवर होता. ‘सर, टेक्निकल एररमुळे उलटं झालं, आता 7,200 चा पाठवतो.’ आईने फोन घेतला आणि ती जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही. ती असं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन आईनेच लावायला लावला. मला लाज वाटत होती. शनिवारी रात्रीही लाजेनेच केला नव्हता. दुसऱ्यांदा लागला. त्यांनी विचारलेलं सगळं हाताशी असलं तर काम पटकन होतं: व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ, रक्कम, आपली बँक, समोरचा यूपीआय आयडी. दोन्ही व्यवहार सांगितले. मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार, चॅटचे स्क्रीनशॉट, क्यूआरचा फोटो, आणि त्याची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात. (चॅट डिलीट करू नका. बेलापूरच्या पोराने रागाच्या भरात त्याच रात्री सगळं उडवलं होतं, त्याच्याकडे दाखवायला काही उरलं नाही.) तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. मंगळवारचे पैसे तोवर दोन खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते. सोमवारचे मात्र, चाळीस मिनिटांत फोन गेल्यामुळे, समोरच्या खात्यात गोठवले गेले. गोठवले म्हणजे मिळाले असं नाही. ते अजून बँक, पोलीस आणि कागदपत्रं यांच्यामध्ये कुठेतरी आहेत, आणि मी दर पंधरवड्याने तक्रार क्रमांक घेऊन स्टेटस बघतो. बाकी चौघांनीही माझ्यानंतर तक्रारी केल्या. सगळ्यांचे पैसे त्याच ‘रूममेट’च्या खात्यात गेले होते.

आमचा पाच जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नाव ‘लाल दिवा’. डोंबिवलीच्या जोडप्यातला नवरा तेवढा त्यात नाही, त्याला हे संगीत मुळात आवडतच नाही. बायकोसाठी आला होता. त्याच्या जागी माझी बहीण आहे. पुढच्या महिन्यात वांद्र्याला एक गिग आहे, तिकिटं खारघरवालीने थेट ॲपवरून काढली आणि प्रत्येकाच्या नंबरवर पाठवली. आमच्या दोघांचे पैसे मी यूपीआयने पाठवतो म्हटलं, तर नको म्हणाली. काल संध्याकाळी सानपाड्याच्या प्लॅटफॉर्मवर भेटून रोख दिले. तिने दोनदा मोजून घेतले.