टेक्सासची करवत की वेस्ट व्हर्जिनियाचं जंगल?

‘राँग टर्न’ (२००३) हा भयपट बघताना ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ (१९७४) आठवला नाही तरच नवल. आडवाटेचा पेट्रोल पंप, कुणी राहत नसावं असं वाटणारं घर, आत माणसं खाणारं कुटुंब. सगळा ऐवज ‘टेक्सास’चा दिग्दर्शक टोबी हूपरच्या घरातूनच उचललेला. वर ‘राँग टर्न’मधलं एक पात्र रानात अडकलेल्या शहरी माणसांच्या ‘डिलिव्हरन्स’चं (१९७२) नाव घेऊन उसनवारीची कबुलीही देतं.

पण हूपरचा तो लोखंडी सरकता दरवाजा! कर्क नावाचा तरुण दारात अडखळतो, करवतवाला खुनी लेदरफेस समोर येतो, डोक्यात हातोडा, पाय झाडत पडलेला देह, आणि दरवाजा धाडकन बंद. पार्श्वसंगीताचा ठणठणाट नाही, रक्तही जवळपास दिसत नाही. सोळा मिलिमीटर फिल्मचा खरखरीतपणा आणि टेक्सासच्या उन्हाळ्याची काहिली अंगाला चिकटते.

रॉब श्मिटचा ‘राँग टर्न’ त्यामानाने गुळगुळीत. कथा वेस्ट व्हर्जिनियातली, चित्रीकरण मात्र कॅनडात. स्पेशल इफेक्ट्सचा उस्ताद स्टॅन विन्स्टनच्या टीमचा मेकअप झकास, पण विद्रूप चेहरा म्हणजेच राक्षस हे समीकरण मला खटकतं. एक प्रसंग मात्र अस्सल. जंगलात अडकलेली पोरं खाटेखाली दडलेली आणि पलीकडे टेबलावर त्यांच्याच मैत्रिणीचे तुकडे करणं चाललेलं. तेव्हा मीही श्वास रोखला होता. टेहळणी मनोऱ्यावरून झाडांवर उड्या मारण्याचा पाठलागही मस्तच.

मित्रमंडळी जमवून बघायचा तर ‘राँग टर्न’. एकट्याने, दिवे मालवून, तर हूपर. जेवण आधी उरकून घ्या.