चलन आलं, पण चार्ज नोंदलाच गेला नाही

ज्यांची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि जे ओळखीतल्या कंपनीला तारणावर इंटर-कॉर्पोरेट लोन (एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला दिलेलं कर्ज) देतात, त्यांनी हे जरूर वाचावं. आम्ही असंच कर्ज दिलं होतं. समोरच्या कंपनीशी जुना व्यवहार, पेमेंट कधी अडकलं नव्हतं. त्यांना खेळतं भांडवल हवं होतं आणि तारण म्हणून कारखान्यातली मशीनं हायपोथिकेट करून द्यायची (म्हणजे ताबा स्वतःकडे ठेवून गहाण द्यायची) तयारी होती. करारनामा वकिलाकडून झाला, स्टॅम्प ड्युटी भरली, परिशिष्टात प्रत्येक मशीनचा मेक आणि सिरियल नंबर आला. एवढंच नाही, मशीनवर आमच्या कंपनीच्या नावाची पाटी लावून तिचे फोटोही पाठवले.

यातला एकही कागद खोटा नव्हता. फसवणूक झाली ती नोंदणीत.

कंपनीने मालमत्तेवर चार्ज, म्हणजे तारणाचा बोजा, निर्माण केला की कंपनी कायदा, 2013 च्या कलम 77 प्रमाणे 30 दिवसांत तो रजिस्ट्रारकडे, म्हणजे आरओसीकडे नोंदवावा लागतो. त्यासाठी सीएचजी-1 फॉर्म. त्यावर कंपनीची आणि चार्ज होल्डरची (कर्ज देणाऱ्याची), अशी दोघांची डिजिटल सही लागते. आमची सही झाली, फॉर्म त्यांच्या कंपनी सेक्रेटरीने अपलोड केला आणि त्याच संध्याकाळी चलनाची, म्हणजे फी भरल्याच्या पावतीची, पीडीएफ मेलवर आली. वर एसआरएन (फॉर्मचा पोर्टलवरचा क्रमांक), खाली फी भरल्याची रक्कम आणि तारीख. मेलमध्ये एकच ओळ: ‘चार्ज फाइल झाला आहे.’ त्यावर विसंबून आम्ही उरलेला हप्ता सोडला.

फॉर्म फाइल होणं म्हणजे चार्ज नोंदला जाणं नव्हे. रजिस्ट्रार फॉर्म तपासतो. त्रुटी असेल तर रिसबमिशनला परत पाठवतो आणि ती दुरुस्त करायला 15 दिवस देतो. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर फॉर्म अवैध धरला जातो. आमच्या फॉर्मला जोडलेलं परिशिष्ट अस्पष्ट स्कॅन झालं होतं, तेवढ्याच शेऱ्यावर तो परत आला होता. पाच मिनिटांचं काम. त्यांनी ते केलं नाही, आणि आम्हाला कळवलंही नाही. सर्टिफिकेट मागितलं की उत्तर तयार असायचं: पोर्टल बंद आहे, नवीन व्हर्जनमुळे उशीर होतोय, आमचा माणूस आरओसीत जाऊन आलाय.

ही टोलवाटोलवी कशासाठी होती ते मुदत मोजली की कळतं. 30 दिवस उलटले तर जादा फी भरून 60 व्या दिवसापर्यंत नोंदणी होते. त्यापुढे आणखी 60 दिवस, पण कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात वाढणारी फी भरून. म्हणजे एकूण 120 दिवस. पूर्वी 300 दिवस मिळत आणि त्यानंतरही केंद्र सरकारकडे उशीर माफ करण्याचा अर्ज करता येत असे. 2 नोव्हेंबर 2018 नंतरच्या चार्जेसना ती सोय राहिलेली नाही. 120 दिवस गेले की दार बंद. त्यांना फक्त तेवढे दिवस ढकलायचे होते.

दरम्यान तीच मशीनं त्यांनी एका बँकेला ‘बोजामुक्त’ म्हणून लेखी देऊन तारण दिली. बँकेने आरओसीची नोंद पाहिली, तिथे आमचं नाव नव्हतंच. बँकेला दोष देता येत नाही. नंतर आम्ही पोर्टलवरून बँकेच्या चार्जची कागदपत्रं काढली आणि दोन्ही परिशिष्टं शेजारी ठेवली. तेच सिरियल नंबर, त्याच क्रमाने. आमच्या करारावरची तारीख आधीची, पण नोंद बँकेची.

कंपनी लिक्विडेशनमध्ये (दिवाळखोरीत मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत) गेल्यावर आम्ही फॉर्म डी भरून सुरक्षित धनको म्हणून दावा केला. लिक्विडेटरने चार्जचा पुरावा मागितला: आरओसीचं सर्टिफिकेट, सेरसाईची (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीची) नोंद किंवा इन्फर्मेशन युटिलिटीमधली (कर्जांची माहिती साठवणाऱ्या संस्थेतली) नोंद. आमच्याकडे करार होता, पाटीचे फोटो होते, चलन होतं. कलम 77(3) स्पष्ट आहे: नोंद आणि सर्टिफिकेट नसलेला चार्ज लिक्विडेटरने किंवा दुसऱ्या कोणत्याही धनकोने विचारात घ्यायचा नाही. कर्ज बुडीत ठरत नाही, येणं कायम राहतं. पण दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 च्या उतरंडीत आम्ही विनातारण वित्तीय धनकोंमध्ये गेलो. वरच्यांची देणी भागून आमच्यापर्यंत काय पोचेल याची आशा धरण्यासारखी परिस्थिती नाही. संचालकांविरुद्ध तक्रार दिली आहे, तिचा पाठपुरावा चालू आहे.

आरओसीची नोंद सगळ्या तारणाला पुरते असंही नाही. जमीन-इमारत असेल तर सब-रजिस्ट्रारकडची नोंदणी वेगळी, डीमॅट शेअर्स असतील तर प्लेज (शेअर्सचं तारण) डिपॉझिटरीकडे नोंदवलेला हवा. आणि नोंद झाल्यावरही लक्ष ठेवा, कारण कर्ज फिटल्याचा सीएचजी-4 कंपनीच दाखल करते. त्यावर तुमची सही नसेल तर रजिस्ट्रार तुम्हाला नोटीस काढतो, म्हणून नोंदीतला ईमेल रोज उघडला जाणारा हवा. दाखल झालेल्या कागदाचं वजन किती असतं बघा: 2008 मध्ये जनरल मोटर्सचं एक वेगळं देणं फिटल्याचे कागद करताना 1.5 अब्ज डॉलरच्या कर्जाचं तारणही चुकून सुटल्याचं दाखल झालं. तसा कोणाचाच हेतू नव्हता, तरी 2015 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने तो कागद ग्राह्य धरला.

पैसे सोडताना चलन बघून सोडू नका, सीएचजी-2 हातात घ्या. चार्जच्या नोंदणीचं सर्टिफिकेट ते हेच. करारातच लिहून घ्या की सीएचजी-2 येईपर्यंत रक्कम एस्क्रोमध्ये (अट पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याकडे ठेवलेल्या खात्यात) राहील.

ज्यांनी गेल्या चार महिन्यांत कर्ज दिलंय त्यांनी आजच कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर एसआरएनचं स्टेटस बघावं आणि कंपनीच्या चार्जेसच्या यादीत आपलं नाव शोधावं. नसेल तर कंपनीची वाट बघायची गरज नाही. 30 दिवसांत तिने नोंदणी केली नाही तर कलम 78 खाली चार्ज होल्डर स्वतः अर्ज करू शकतो. रजिस्ट्रार कंपनीला नोटीस देऊन नोंदणी करून घेतो आणि भरलेली फी कंपनीकडून वसूल करता येते.